विमा वाढतो म्हणजे काय वाढते?

बारामतीत भिगवण रस्त्याने पायी जात असताना एकदा सहज विमा कंपन्यांच्या पाट्या मोजल्या. एका हाताची बोटे पुरली नाहीत. बँकांच्या पाट्या त्यांत धरल्या असत्या तर दुसराही हात अपुरा पडला असता. कारण हल्ली बहुतेक प्रत्येक बँकेच्या आत एखादी विमा कंपनी बसलेली असतेच. त्याच संध्याकाळी एस. टी.ने इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी उतरलो. तेथे एकही पाटी नाही. विम्याचे म्हणाल तर गावात एकच माणूस, प्राथमिक शाळेतले गुरुजी. एजन्सी त्यांच्या पत्नीच्या नावावर, पण पावतीपुस्तक गुरुजींच्या पिशवीत! हे गुपित साऱ्या गावाला ठाऊक आहे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

या दोन दृश्यांच्या मधले अंतर एस. टी.ने तासाभराचे आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते किती आहे, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला, आणि हा लेख त्यातूनच लिहिला गेला. वर्गात आपण शिकतो की विक्रेते वाढले की स्पर्धा वाढते, स्पर्धेने किंमत उतरते, मागणी वाढते आणि उद्योग फोफावतो. उलट उद्योगसंस्था मोठी असेल तर तिला मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे फायदे मिळतात. मग विम्याच्या धंद्याची वाढ कशाने होते, कंपनीच्या मोठेपणाने की कंपन्यांच्या संख्येने? उत्तर शोधताना माझ्या लक्षात आले की प्रश्नातला ‘वाढ’ हा शब्दच आधी तपासून घेतला पाहिजे.

प्रथम मोठेपणाचा विचार करू. कापड गिरणी लहान असली तरी तिचे कापड कापडच असते. विमा कंपनी लहान असली तर तिचा माल मुळातच कच्चा राहतो. समजा, शंभर गाईंचा विमा उतरवला आणि वर्षाला शंभरांत एक गाय दगावते असा अनुभव आहे. तरी प्रत्यक्षात एखाद्या वर्षी एकही मरणार नाही, एखाद्या वर्षी तीन मरतील. तीन मेल्या की अंदाजाच्या तिप्पट भरपाई! तेच दहा हजार गाईंचा विमा असेल तर शंभराच्या जागी फार तर ऐंशी ते एकशेवीस मरतील. त्यापलीकडे आकडा क्वचितच जातो. संख्या जितकी मोठी तितका दैवाचा लहरीपणा कमी, हा संख्याशास्त्राचा साधा नियम विम्याच्या मुळाशी आहे. मात्र या दहा हजार गाई एकाच तालुक्यातल्या असून उपयोग नाही. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा रोग गोठे मोजत बसला नाही. म्हणून विमा कंपनी नुसती मोठी असून भागत नाही, ती पसरलेलीही असावी लागते.

दुसरी गोष्ट पुस्तकात चटकन सापडत नाही, पण आयुर्विम्यात ती फार महत्त्वाची आहे. दुकानदाराचा खप वाढला की गल्ल्यात पैसा येतो. आयुर्विमा कंपनीचा खप वाढला की आधी पैसा जातो. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून एजंटाचे मोठे कमिशन, वैद्यकीय तपासणी आणि कार्यालयाचा खर्च निघायचा, शिवाय पुढच्या देण्यासाठी कायद्याने राखीव निधी बाजूला काढायचा. पहिला हप्ता याला पुरत नाही. ही तूट पुढच्या वर्षांच्या हप्त्यांतून हळूहळू भरून निघते. त्यामुळे वेगाने वाढणारी लहान कंपनी दरवर्षी अशक्त होत जाते, तर जुन्या मोठ्या कंपनीकडे जुन्या पॉलिसींचे हप्ते पाझरत असतात आणि त्यांवर ती नवा धंदा पोसू शकते. नीरेच्या डाव्या कालव्याला भाटघर धरणाचा साठा आहे म्हणून तो उन्हाळ्यातही चालतो. नुसत्या ओढ्यावर पाट काढला तर मार्चात कोरडा. हे ज्याला समजले त्याला विमा व्यवसायाचा अर्धा इतिहास समजला असे म्हणायला हरकत नाही.

तो इतिहास आपल्याच भागात सुरू करता येतो. १८७४ साली मुंबईत ओरिएंटल ही मोठी कंपनी निघाली. पुढे अनेक वर्षे देशी आयुर्विम्यात तिचे नाव आघाडीवर होते. पण १९१३ मध्ये साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, ही गोष्ट मला अधिक नवलाची वाटते. (पुढे १९३६ मध्ये त्यांनीच युनायटेड वेस्टर्न बँकही काढली.) मुंबईचा पैसा आणि मुंबईची माणसे हाताशी नसताना निघालेली ही कंपनी तगली. स्वदेशीच्या त्या दिवसांत कंपनी आपल्या माणसांची आहे हेच विमेदाराच्या दृष्टीने मोठे तारण असावे, असा माझा तर्क आहे. विम्यात गिऱ्हाईक आज पैसे देते आणि माल वीस वर्षांनी, तोही बहुधा त्याच्या पश्चात, घरच्यांच्या हाती पडतो. अशा सौद्यात विक्रेता ओळखीचा असणे यालाच किंमत असते.

परंतु सगळ्याच लहान कंपन्या साताऱ्याच्या कंपनीसारख्या नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर कंपन्या पुष्कळ होत्या, स्पर्धाही तीव्र होती. आणि ती स्पर्धा कशासाठी होती? हप्ता कमी करण्यापेक्षा एजंट पळवण्यासाठी आणि पहिल्या वर्षाचा धंदा फुगवून दाखवण्यासाठी अधिक. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या आणि आणखी पंचवीस कंपन्यांची अवस्था अशी झाली की त्यांचा धंदा दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. लोकांनी हप्त्यांनी भरलेला पैसा काही ठिकाणी मालकांच्या इतर उद्योगांत गेला होता. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी, परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र झाल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ जन्माला आले. साताऱ्याची कंपनीही त्यातच विलीन झाली.

आता आपल्या प्रश्नासाठी याहून चांगला प्रयोग कोणता मिळणार? स्पर्धा शून्य, आकार सर्वांत मोठा! वाढ झाली का? १९५७ मध्ये महामंडळाचा नवा धंदा, म्हणजे नव्या पॉलिसींवरील विम्याची रक्कम, सुमारे २०० कोटी होती. ती एक हजार कोटींवर जायला १९६९-७० साल उजाडले. दोन हजार कोटींसाठी आणखी दहा वर्षे लागली. त्यानंतर मात्र १९८५-८६ पर्यंत आकडा सात हजार कोटींच्या पुढे गेला. मध्यंतरी काय घडले? प्रतिस्पर्धी एकही आला नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी महामंडळाने आपलीच पुनर्रचना केली. तोवर शाखा कार्यालये केवळ धंदा गोळा करीत आणि कागद विभागीय कार्यालयात पाठवीत. आता हप्ता, कर्ज, दावा ही कामे शाखेतच होऊ लागली आणि शाखाही वाढल्या. चलनवाढीने आकडे थोडे फुगले असतील हे खरे. तरीही पाच-सहा वर्षांत साडेतीनपट वाढ निव्वळ महागाईने होत नाही. महामंडळ आकाराने लहान झाले नव्हते, पण गिऱ्हाइकाला ते जवळ आले होते.

जवळ येणे हा शब्द मी येथून पुढे हाताशी ठेवतो.

राष्ट्रीयीकरणाचे दुसरे पर्व, म्हणजे १९७३ मध्ये १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या ते, येथे विस्ताराने सांगत नाही. १९९३ मध्ये रा. ना. मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. शंभर कोटींचे भांडवल असल्याखेरीज कोणी आत यायचे नाही, ही अट १९५६ पूर्वीच्या अनुभवातून आली होती. परकीय भांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के होती. ती २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. पुण्यात मुख्य कार्यालय असलेली तेव्हाची बजाज अलियान्झ ही या नव्या लाटेतली आपल्या सर्वांत जवळची कंपनी. तिने २००१ मध्ये काम सुरू केले.

आता आकडे. देशाच्या सकल उत्पन्नाशी विम्याच्या एकूण हप्त्यांचे प्रमाण २००१ मध्ये २.७१ टक्के होते. २००९-१० मध्ये ते ५.२ टक्क्यांवर गेले. स्पर्धेचा विजय, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. पण २०२३-२४ मध्ये तेच प्रमाण ३.७ टक्के होते. याहून बोलका आकडा पॉलिसींचा आहे. २००९-१० मध्ये तेवीस आयुर्विमा कंपन्यांनी मिळून सुमारे ५ कोटी ३२ लाख नव्या वैयक्तिक पॉलिसी विकल्या. २०२३-२४ मध्ये कंपन्या सव्वीस होत्या आणि पॉलिसी सुमारे २ कोटी ९२ लाख! याच काळात आयुर्विम्याचे एकूण हप्ते मात्र सुमारे २ लाख ६५ हजार कोटींवरून सुमारे ८ लाख ३० हजार कोटींवर गेले. पैसा तिप्पट झाला आणि दारे जवळजवळ निम्मी झाली. हे वाचले तेव्हा मी आकडे पुन्हा तपासून पाहिले, कारण मला वाटले माझीच काही चूक होत असावी.

यात एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. २०१५ पासून पंतप्रधान जीवन ज्योती योजनेखाली बँक खात्यामार्फत दोन लाखांचा सामूहिक विमा मिळतो. त्यातील माणसे वरच्या पॉलिसींत मोजलेली नाहीत. पण ती योजना सरकारने आखली, कंपन्यांच्या चढाओढीतून ती निघाली नाही.

मग २०१० नंतर झाले काय? आधीच्या भरभराटीत शेअरबाजाराशी जोडलेल्या पॉलिसींचा मोठा वाटा होता. त्यांत विम्याचा अंश थोडा आणि कमिशन भरपूर. सप्टेंबर २०१० मध्ये प्राधिकरणाने त्यांचे नियम कडक केले, खर्चांवर मर्यादा घातली, आणि एजंट गळू लागले. खाजगी आयुर्विमा कंपन्यांची मार्च २०१० मध्ये पावणेनऊ हजारांच्या आसपास कार्यालये होती. मार्च २०१४ मध्ये ती सुमारे सहा हजार दोनशे उरली. त्याच चार वर्षांत महामंडळाची कार्यालये मात्र सव्वातीन हजारांवरून अठ्ठेचाळीसशेवर गेली. वर सांगितलेला धरणाचा साठा तो हाच. जुने हप्ते येत होते म्हणून महामंडळाला थांबता आले, छोट्या गावात कार्यालय उघडून पाच वर्षे वाट पाहता आली. नव्या कंपन्यांना ते परवडेना. मोठेपणाचा खरा उपयोग स्वस्ताईसाठी फारसा दिसत नाही, धीर धरण्यासाठी दिसतो.

खाजगी कंपन्यांनीही वाट काढलीच. त्या बँकांच्या आत शिरल्या. आज त्यांच्या नव्या वैयक्तिक धंद्यातला निम्म्याहून अधिक भाग बँकांच्या खिडकीवर होतो; महामंडळाचा मात्र पंचाण्णव टक्क्यांच्या वर एजंटांमार्फत. म्हणजे कंपनी नवी आणि लहान असली तरी तिच्या अंगावर बँकेचा सदरा असतो, आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवते ते सदऱ्यावर. माझ्या चुलत्यांचेच उदाहरण देतो. उसाचे बिल जमा झाले होते, एका बँकेत ठेव ठेवायला ते गेले आणि पॉलिसी घेऊन आले. ती गुपचूप घरात राहिली. ठेवच आहे अशी त्यांची समजूत, कारण साहेबांनी तसेच सांगितले. दुसऱ्या वर्षी हप्त्याची चिठ्ठी आली तेव्हा ऊस अजून फडात उभा होता, तोड मिळत नव्हती. हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली आणि हाती आले ते फार थोडे. त्या वर्षीच्या आकडेवारीत आमचे चुलते विमा उद्योगाची वाढ म्हणूनच मोजले गेले असणार!

गुरुजींनी असे केले असते का? गुरुजी फार सज्जन आहेत असा माझा दावा नाही, कमिशन त्यांनाही प्रियच आहे. पण त्यांना रोज त्याच पारावरून शाळेत जायचे असते.

बाजारातील केंद्रीकरण मोजण्यासाठी अर्थशास्त्रात हर्फिंडाल निर्देशांक वापरतात. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. एकाच कंपनीकडे सगळा बाजार असेल तर निर्देशांक १०,०००; आणि बाजार जितका वाटला जाईल तितका तो खाली येतो. आयुर्विम्याच्या नव्या हप्त्यांत २०२३-२४ मध्ये महामंडळाचा वाटा सुमारे ५९ टक्के होता. एकट्या त्याचाच वर्ग ३,४८१. देशाचा विचार करता केंद्रीकरण भारी पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, असे पुस्तकी उत्तर निघेल. बारामती शहरापुरता काढला तर कदाचित याहून कमी येईल. आमच्या गावापुरता काढायचा तर? गुरुजी एक, उत्तर दहा हजार. कंपन्या सव्वीस असल्याची बातमी गावाच्या वेशीपर्यंत पोचलेली नाही.

हे झाले माणसांच्या विम्याचे. आमच्या दोन तालुक्यांत त्याहून जिव्हाळ्याचा प्रश्न पिकांच्या विम्याचा आहे, आणि तेथे स्पर्धेचे रूप आणखीच निराळे. बागायत पट्ट्यातला ऊस खरिपाच्या पीकविमा योजनेत नाही. त्यामुळे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना ऊस घालणाऱ्यांना या योजनेचे फारसे सोयरसुतक नसते. विमा लागतो तो सुप्याकडच्या जिरायत गावांतल्या बाजरीला आणि इंदापुरातल्या डाळिंब-द्राक्षांच्या बागांना.

प्रत्येक वावरात जाऊन नुकसान मोजणे कितीही मोठ्या कंपनीला शक्य नाही. म्हणून पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात सुचवले की क्षेत्र हे एकक धरा. त्या क्षेत्राचे सरासरी उत्पादन घटले की सर्वांना भरपाई द्या. १९७९ मध्ये त्या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली आणि पुढच्या साऱ्या योजना त्याच वळणाने गेल्या. फळबागांसाठी उत्पादनाऐवजी महसूल मंडळातील हवामान केंद्रावरची पाऊस-तापमानाची नोंद धरतात. कल्पना अतिशय हुशारीची आहे. फक्त पाऊस मंडळाची हद्द पाळत नाही. एका वर्षी मृग बहारात आमच्या बागेत पाणी साचून फुले झडली. केंद्रावर त्या दिवशी हव्या त्या प्रमाणात पाऊस नोंदलाच गेला नाही.

विचारायला कोणाकडे जायचे, हा पुढचा प्रश्न. २०१६ पासून प्रधानमंत्री पीकविमा योजनेत जिल्ह्यांचे गट पाडून कंपन्यांकडून निविदा मागवतात. कमीत कमी दराची निविदा ज्या कंपनीची, तो गट तिचा. खरिपाला शेतकऱ्याने दोन टक्के, फळपिकांना साधारण पाच टक्के भरायचे, उरलेला भार केंद्र-राज्य सरकारांचा. म्हणजे स्पर्धा आहे, आणि चांगली चुरशीची आहे. पण ती मंत्रालयातल्या टेबलावर संपते. शेतकऱ्यापुढे येते ती एकच कंपनी. ती नको, शेजारची द्या, असे त्याला म्हणता येत नाही. मक्तेदारी आणि स्पर्धा या दोहोंचे तोटे एकत्र करायचे असते तर याहून वेगळी रचना सुचली नसती. महामंडळाची मक्तेदारी निदान कायमची होती. तिला गावात तोंड दाखवायचे होते. ही मक्तेदारी मुदतीची. आधी मुदत थोडी असे. २०२० पासून ती तीन वर्षांची करण्याची पद्धत आली. तीन वर्षांनी आपण येथे असू की नाही हे ज्या कंपनीला ठाऊक नाही, ती इंदापुरात कार्यालय कशाला थाटील? आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा कृषी सहायकांनी सांगितले की त्या कंपनीची मुदत संपली, आता दुसरी आहे. दुसरी म्हणाली, हे आमच्या काळातले नव्हे. दोघींचेही शब्द नियमाला धरूनच होते.

आणि वाढ? ती तर डोळे दिपवणारी! २०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीकविमा देऊ केला. आदल्या खरिपात राज्यात सुमारे ९६ लाख अर्ज होते, ते एकदम सुमारे १ कोटी ७० लाख झाले. त्यांत पडीक जमिनीचे, सरकारी जमिनीचे, दुसऱ्याच्या शेताचे असे बनावट अर्जही निघाले. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद झाली. अर्ज वाढले, हप्त्याची सरकारी रक्कम वाढली, पण निर्धास्त झालेला शेतकरी किती वाढला हे त्या आकड्यांतून कळत नाही.

उलट दिशेचे एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याची राज्याची योजना २००५-०६ पासून होती. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले. सरकार हप्ता भरी, कंपनी दावे पाही. दाव्यांना उशीर होतो, क्षुल्लक कागदासाठी ते फेटाळले जातात, अशा तक्रारी साचत गेल्या. २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना मधून काढले आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे अनुदान स्वतःच द्यायला घेतले. दहा हजार गाईंचा हिशोब येथे लावून पाहा. साऱ्या राज्याचे शेतकरी ज्याच्या खात्यात आहेत त्याला दैवाचा लहरीपणा तसाही फारसा जाणवत नाही. त्याने दुसऱ्याकडे विमा उतरवण्याचे कारणच काय? हे शहाणपण सुचायला इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, तुझ्या गावात उद्या पाच कंपन्यांचे पाच एजंट आले तर? मी म्हटले, आले तर बरेच होईल. पण आजच्या कमिशनात अन् आजच्या अंतरात ते यायचे नाहीत. आणि निविदेत दराच्या जोडीने तालुक्याला एक कायमचे कार्यालय, मागच्या कंपनीचे अपुरे दावे पुढचीने पाहण्याची जबाबदारी, अशा अटी घातल्या तर? सर म्हणाले, मग दर वाढतील. वाढतील, हे मलाही कबूल आहे. किती वाढतील आणि ते सोसावे का, एवढाच खरा हिशोब उरतो. तो अजून मला कोठे मांडलेला सापडला नाही.

यंदाच्या मृग बहाराचा अर्ज भरायला वडिलांबरोबर सेवा केंद्रात मीच गेलो होतो. रांग मोठी होती. पावती हाती आल्यावर वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “यंदा कोण आहे रे?” मी कोपऱ्यातले नाव वाचून दाखवले. त्यांनी पावतीची घडी घालून ती जुन्या पावत्यांबरोबर पिशवीत ठेवली.